सात नंबरच्या खाटेचं काळीज

न्हाई वो, कान हायत की मला! दोन हायत, दोन्ही जाग्यावर हायत, लहानपणी आमच्या बावड्याच्या मळ्यात कुणी ऊस मोडला तर घरात बसून मला कळायचं... आणि त्याच कानांनी, तुम्हाला सांगतो, एका बाईच्या छातीतला आवाज, नळीपासनं चार बोटांवरचा आवाज, महिनाभर ऐकू येत न्हाई म्हणजे काय? सांगा की! कुणापाशी बोलायचं हे? आईला सांगितलं तर तिनं कानात तेल घातलं. आठ दिवस कोमट तेल! स्टेथोस्कोपाची बोंडं तेलकट झाली, कानातनं सटासट निसटाय लागली, एकदा तर वाकलो आणि ते सगळं लोढणं पेशंटच्या पोटावर पडलं... पण आवाज? मला काय न्हाई!

थांबा, पहिल्यापासनं सांगतो, न्हाईतर तुम्ही म्हणशीला आकारामचं डोस्कं फिरलं. फिरलंय, पण त्याला कारण हाय.

मी डॉक्टरकीला हाय. शेवटाकडचं वरीस. कॉलेज आमचं पल्याडच्या गावात, पण हृदय आणि छातीच्या ऑपरेशनांचा जो एक महिना शिकाय लागतोय, त्यासाठी आमची सहा जणांची तुकडी कोल्हापुरात धाडली. का, तर छाती उघडून काळजात बोट घालणारे सर हितल्या दवाखान्यात. डॉक्टर त्र्यंबक हळबे. मी मनात म्हटलं, बेस झालं! घरचं जेवण, घरची सायकल, बावड्यातनं निघालं की वीस मिनिटांत वॉर्डात. आण्णा तर, आमचे वडील वो, सगळ्या बावड्याला सांगत सुटले, "आमचा आकाराम काळजाचा डाक्टर व्हायला लागलाय!" साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या उभ्या असायच्या, तिथं सुदिक एकेका गाडीवानाला थांबवून सांगितलं. काय गरज हुती का? आता रोज येताजाता प्रत्येक गाडीवान मला हात करून छातीवर थाप मारून दाखवतोय.

तर सरांचा नियम एकच. महिना संपताना आमच्या कार्डावर त्यांची सही पायजे. सही असली तर परीक्षेचा फॉर्म, न्हाई तर बसा सहा महिने घरात माशा मारत. आणि सही कधी? तर ज्यानं स्वतःच्या कानानं काळजाचा आवाज ऐकला त्यालाच. पुस्तक पाठ केलं चालणार न्हाई, दुसऱ्याचं ऐकून सांगितलं चालणार न्हाई. सर बोलत्यात कसं, तर एकदम हळू. आख्ख्या कोल्हापुरात हळू बोलणारा माझ्या पाहण्यातला हा पहिला माणूस. बारीक आवाजात म्हणायचे, "मुलांनो, काळीज बोलतं. ते काय म्हणतंय एवढंच आपल्याला ऐकायचं." अहो, पण बोलाय नको का ते? का माझ्यावर रुसलंय?

आणि ऐकायचं कुणाचं, तर सात नंबरच्या खाटेचं.

सात नंबरच्या खाटेवर हुती धोंडुबाई. शाहूवाडीकडची, भाताची शेती, पस्तिशीची बाई. लहानपणी सांधे सुजून ताप आलता, त्यात काळजातली एक झडप आकसली. दोन झापांचा दरवाजा पावसात फुगून अडकावा, तसं. चार पायऱ्या चढली की दम लागायचा, भाताच्या लावणीत वाकली की ओठ निळं पडायचं. सर छाती उघडून, काळजात बोट सारून तो दरवाजा मोकळा करणार हुते. आणि त्या अडकलेल्या दरवाजातनं रक्त जाताना जो आवाज येतोय, तो आम्ही ऐकायचा. साधं काळीज करतंय लप्-डप्, लप्-डप्. धोंडुबाईचं करणार लप्-डप्-गुर्रर्र. एवढंच! एक गुर्रर्र!

पहिल्या दिवशी सरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, भिंतीकडं तोंड, आणि एकेकाला म्हणाले, ऐका. पहिला गेला माधव. हा माधव राजारामपुरीतला, वकिलाचा पोरगा, केसाला तेल, खिशाला दोन पेनं. टेकवली नळी, मिटले डोळे, अशी मान हलवली जशी काय समोर गाण्याची बैठक चाललीया. सरांनी विचारलं, "आलं का ऐकू?" माधव म्हणतोय, "आलं सर! फारच स्पष्ट!" दुसरा गेला, "आलं सर." तिसरा, चौथा, पाचवा... आलं सर, आलं सर, आलं सर! मग मी गेलो. टेकवली नळी.

मला काय न्हाई!

म्हणजे न्हाई कसं, ऐकू लई काय काय आलं! बाहेर सायकल रिक्षाची घंटा आली, पाच नंबरच्या म्हातारीचा खोकला आला, बादलीचा आवाज आला, पेशंटला भेटाय आलेली पंधरा माणसं एकमेकांना "जेवलासा का?" विचारत हुती, ते आलं. कोल्हापूर हाय वो ते! हितं कानात सांगायची गोष्ट असली तरी रस्त्याच्या पलीकडनं सांगत्यात. आणि ह्या सगळ्यात वरताण म्हणजे सोता धोंडुबाई. तुम्हाला सांगतो, ही बाई गप बसत न्हाई! मी इकडं श्वास रोखून काळीज ऐकतोय आणि ती भिंतीकडं तोंड करून, "पावणं, कुणाच्यातलं वो तुम्ही?"

मी म्हटलं, "मावशी, जरा गप."

"गप हाय की. गाव कुठलं?"

"बावडा. गप बसा."

"बावडा व्हय! माज्या मावसबहिणीची पोरगी दिलीया की बावड्यात! किती भावंडं तुम्ही? लगीन झालंय?"

आता ही बाई बोलतीया म्हणजे तिची सगळी छाती नगाऱ्यागत वाजतीया, आणि त्यात मी काळजाची गुरगुर हुडकतोय! मागनं सरांचा बारीक आवाज आला, "आकाराम, आलं का ऐकू?" आणि... काय करणार? पाच जण आलं म्हणत्यात, एकटा मी न्हाई म्हणू? माझ्या तोंडातनं निघालं, "आलं सर."

झालं! फसलो ना! आता एकदा आलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी न्हाई कसं म्हणणार?

मग रोज तेच. रोज सकाळी सात नंबर, रोज डावी कूस, रोज "आलं का ऐकू?" आणि रोज "आलं सर." वॉर्डात शालूबाई म्हणून आया हाय, वीस वर्षं तिथं फरशी पुसतीया. ती मला एकदा बाजूला घेऊन म्हणाली, "डाक्टर, खरं सांगा, तुमास्नी येत न्हाई न्हवं?" मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणतीया, "तुमचं त्वांड दिसतंय की. सरांनी मला एकदा नळी लावाय दिलती, मला आलं! लप्-डप्-गुर्रर्र! लई गोड येतंय." घ्या! फरशी पुसणाऱ्या बाईला आलं! घरी गेलो की आण्णा दारातच, "आलं का रं ऐकू?" म्हटलं न्हाई. तर म्हणतात, "गुऱ्हाळाच्या इंजनापाशी खेळू नको म्हणून लहानपणी किती बडवला तुला, ऐकलंस?" म्हणजे तवाबी ऐकलं न्हाई, आताबी येत न्हाई! आणि धोंडुबाई तर माझी कीव कराय लागली. "लेकरा," म्हणाली, "नळी अशी खाली सरकव, सर हितं लावत्यात. हां... आलं का ऐकू?" तिचंच काळीज, तीच मला दाखवतीया, आणि मला काय न्हाई!

असा महिना गेला. शेवटच्या आदल्या दिवशी सरांनी सांगितलं, उद्या सकाळी अकराला सात नंबरवर परीक्षा, एकेकानं ऐकून सांगायचं, त्यावर सह्या. आणि परवा धोंडुबाईचं ऑपरेशन. मी त्या दिवशी घरी जेवलो न्हाई. आईला वाटलं, पोटात दुखतंय. कानाचं दुखणं पोटात उतरलं हुतं, तिला काय सांगू?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही सहा जण सात नंबरपाशी. सर पायथ्याशी उभे, हातात आमची सहा कार्डं, पेनाचं टोपण काढलेलं. धोंडुबाई आधीच डाव्या कुशीवर, भिंतीकडं तोंड, पदर डोक्यावरनं पार नाकापर्यंत. म्हटलं ऑपरेशनची भीती बसली असंल.

माधव गेला. डोळे मिटले, मान हलवली. "सर, झडप आकसल्याचा मर्मर, गुरगुरणारा, अगदी पाठ्यपुस्तकातला!" दुसरा गेला, त्यानं विचार केला, ह्याच्यापेक्षा जास्त काय तर सांगाय पायजे, म्हणाला, "सर, कालच्यापेक्षा किंचित वाढलाय." तिसरा म्हणाला, "काखेपर्यंत येतोय सर." चौथा म्हणाला, "हाताला पण थरथर लागते." पाचवा तर, काय सांगू तुम्हाला, नळी टेकवायच्या आधीच मान हलवाय लागला! सर प्रत्येकाला, "आलं का ऐकू?" प्रत्येक जण, "आलं सर!" आणि मग सर माझ्याकडं बघत्यात.

मी वाकलो. नळी टेकवली. आणि काय झालं म्हणता... धोंडुबाई गप! हूं न्हाई की चूं न्हाई. पावणं न्हाई, गाव न्हाई, लगीन न्हाई. एवढी गप की मला महिन्यात पहिल्यांदा काळीज निवांत ऐकू आलं. लप्-डप्. लप्-डप्. लप्-डप्. धुतल्या तांदळासारखं साफ. मी वाट बघतोय, आता गुर्रर्र येईल. मग येईल. लप्-डप्... लप्-डप्... कुठलं गुर्रर्र आणि कुठलं काय!

आणि मला, तुम्हाला सांगतो, रडू फुटायचंच ऱ्हायलं. म्हणजे आजवर मी म्हणत हुतो, बाई बोलतीया म्हणून येत न्हाई, वॉर्डात दंगा-कालवा हाय म्हणून येत न्हाई. आता बाई गप हाय, कालवा न्हाई, लप् येतंय, डप् येतंय, आणि नेमकं तेवढंच येत न्हाई! म्हणजे कान माझेच बाद! सर म्हणाले, "आलं का ऐकू?" आणि माझ्या डोस्क्यात काय तर तडकलं. म्हटलं, मरू दे ती सही! मी वॉर्डभर ऐकू जाईल असा ओरडलो, "न्हाई येत सर! काय सुदिक येत न्हाई! लप् येतंय, डप् येतंय, फुडं काय न्हाई! मला नापास करा, पण आता मला खोटं बोलवत न्हाई!"

पाच नंबरची म्हातारी खोकायची थांबली. माधव माझ्याकडं असा बघतोय, जसा मी सरांच्या अंगावर चहा सांडलाय. सर म्हणाले, "सरक." स्वतःची नळी काढली. म्हणाले, "इतका मोठा आवाज, आणि तुला येत नाही? ये, मी दाखवतो." वाकले. ऐकलं. मग भुवई वर गेली. नळी जरा सरकवली. परत ऐकलं. कानातनं बोंडं काढून पुसली, परत घातली. मग त्यांनी हळूच त्या बाईचा खांदा धरला, सरळ केलं आणि पदर मागं सारला.

"ही कोण?"

अहो, धोंडुबाई नव्हतीच ती! तसलंच नाक, तसलंच कपाळ, पण ती न्हवंच! ती बाई उठून बसली, हात जोडले आणि म्हणाली, "सायेब, मी चिमणाबाई. धोंडुबाईची पाठची भण. मी पेशंट न्हाई. मी जागा धरलीया!"

जागा धरलीया! एष्टीत खिडकीतनं टॉवेल टाकून जागा धरत्यात न्हवं, तशी! झालतं काय, वॉर्डात खाटा बारा आणि माणसं वीस. धोंडुबाईनं आम्ही यायच्या आधीचे पंधरा दिवस जमिनीवर काढलेले. तिच्या मनानं घेतलं, छाती फाडून घ्यायच्या आधी अंबाबाईची ओटी भरायची. पण खाट सोडली आणि कुणी बसलं तर? म्हणून सकाळी सातला भणीला खाटेवर झोपवलं, पदर नाकापर्यंत वढून दिला, "कुणी काय बी इचारलं तरी त्वांड उघडायचं न्हाई" म्हणून दम भरला आणि मालकाला घेऊन टांग्यानं गेली देवळात!

आणि चिमणाबाईनं त्वांड उघडलं न्हाई! शाबास त्या बाईची! आता मात्र बांध फुटला. "सायेब, सकाळी नर्सबाई आल्या, म्हणाल्या नंबर सात, दंड म्होरं करा. केला. रगत काढलं, मी गप. मग शालूबाई पोट साफ करायला रबराची नळी घेऊन आली, म्हणाली नंबर सात, वळा. वळले. काय सांगू सायेब... तरीबी मी गप! मग ही पोरं आली. एकानं ऐकलं, दुसऱ्यानं ऐकलं, सगळी म्हणत्यात झडप गेली, काखेत गेलंय, हाताला लागतंय... मला वाटलं माझंबी काळीज गेलं! पर जागा सोडली न्हाई."

आम्हाला हसू येत हुतं वो, खोटं कशाला सांगू. पण सर हसले न्हाईत. सरांचा चेहरा पांढरा पडलेला. हळू बोलणारा माणूस पहिल्यांदा ओरडला, "सिस्टर! रक्त कुणाचं काढलं? सात नंबरच्या नावाने कुणाचं रक्त तपासायला गेलंय?"

तवा माझ्या डोस्क्यात उजेड पडला. उद्या ऑपरेशनात धोंडुबाईला रक्त चढवणार. कुठलं? तर ह्या भणीच्या रक्ताशी जुळणारं. भण झाली म्हणून रक्त एकच असतंय का? चुकीचं रक्त चढलं असतं तर ती बाई टेबलावरनं उठली नसती. कुणीच बघितलं न्हाई! नर्सनं न्हाई, आयानं न्हाई, आणि आम्ही सहा शहाण्यांनी तर महिनाभर तिच्याकडं रोज वाकून एकदा सुदिक तोंडाकडं नीट बघितलं न्हाई. सगळ्यांनी नंबर बघितला. मी सुदिक! लाज वाटली मला, खरंच वाटली. जी बाई रोज माझ्या लग्नाची चौकशी करायची, ती खाटेवर न्हाई एवढं सुदिक मला कळू नये?

शिपाई पळत गेला, तपासायला गेलेली चिमणाबाईच्या रक्ताची बाटली परत आली, सरांनी स्वतःच्या हातानं बेसिनमध्ये ओतली. आणि तेवढ्यात दारात कोण? धोंडुबाई! कपाळभर मळवट, हातात प्रसादाचा पुडा, दम लागलेला, आणि खाटेभोवती एवढी गर्दी बघून काळजीनं विचारतीया, "काय झालं? खाट गेली व्हय?"

सरांनी तिला काय म्हटलं न्हाई. बसवलं, पाणी दिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आकाराम, आता हिचं ऐक." धोंडुबाईनं त्वांड उघडलं, "पावणं, प्रसाद..." आणि सरांनी ओठावर बोट ठेवलं. मी नळी टेकवली.

लप्-डप्-गुर्रर्र.

आलं वो! आलं! लप्-डप्-गुर्रर्र, लप्-डप्-गुर्रर्र! आमच्या गुऱ्हाळाचं इंजन बंद करताना शेवटी घरघरतंय न्हवं, तसं! आणि मला कळलं, हा आवाज मी महिनाभर रोज ऐकत हुतो, पण मला वाटायचं, काळीज असंच वाजत असंल आणि ते गुर्रर्र ह्याच्या पल्याड कुठंतर लांब असंल! मला कुणी धडधाकट काळीज ऐकवलंच न्हवतं! अहो, नीट काय असतंय ते ठाऊक नसंल, तर बिघडलेलं कसं कळणार? पहिल्या दिवशी चिमणाबाईला झोपवली असती तर महिना वाचला असता, कानातलं तेल वाचलं असतं! मी ओरडलो, "आलं सर!" डोळ्यांत पाणी आलं माझ्या. धोंडुबाई म्हणाली, "आलं का! माज्या लेकराला आलं!" आणि तिनं पहिला पेढा माझ्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. झडप मोकळी झाली. आता ती बाई जिना चढती, दम लागत न्हाई, आणि बोलती पहिल्यापेक्षा दुप्पट.

पण सही! सही ऱ्हायली की! सरांनी आम्हा सहा जणांना खोलीत बोलावलं. पाच कार्डं घेतली, पाचांवर सटासट सह्या केल्या आणि टेबलावर फेकली. म्हणाले, "ज्यांना निरोगी काळजात आजार ऐकू येतो, त्यांना इथे ठेवून मी काय शिकवणार? घ्या सह्या. परत तोंड दाखवू नका." माधव लाजला न्हाई की काय न्हाई, कार्ड फुंकून शाई वाळवली आणि गेला! सगळे गेले. मी आपला हात फुडं करून उभा.

सरांनी माझं कार्ड आपल्या खणात टाकलं, खण बंद केला. आणि लई मायेनं, लई हळू म्हणाले, "आकाराम, तुला ऐकू येतं. असा मुलगा मला दहा वर्षांत मिळाला नाही. तुला मी सोडणार नाही. सहा महिने माझ्याजवळ राहा, नीट शीक, परीक्षा पुढच्या वेळेला दे. प्रत्येक पेशंट टेबलावर घ्यायच्या आधी तू ऐकायचं आणि तोंड बघायचं."

पाया पडलो आणि आलो. ते पाच जण परीक्षा देऊन डॉक्टर होणार आणि मी हितंच, सकाळी सहाला सायकल मारत.

घरी आलो तर आण्णा दारातच. "झाली सही?"

म्हटलं, "न्हाई."

"का रं? ऐकू आलं न्हाई?"

म्हटलं, "आलं की, आण्णा. आलं, म्हणून तर झाली न्हाई."